टीव्ही कोणता घ्यावा? : रायगडच्या किनाऱ्याने शोधलेली उत्तरे

घरात नवा टीव्ही घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न किमतीचा येतो, दुसरा आकाराचा आणि तिसरा कंपनीचा. दुकानदारही साधारण याच क्रमाने बोलतो. पण गेल्या पन्नास वर्षांत रायगडच्या किनाऱ्यावर ज्या कुटुंबांनी गाठीला चार पैसे बांधून टीव्ही घेतला, त्यांना दुकानात जाण्यापूर्वीच आणखी काही प्रश्न सोडवावे लागले. आपले गाव वरळीपासून किती लांब? मध्ये डोंगर येतो का? संध्याकाळी वीज किती व्होल्टची असते? खाऱ्या वाऱ्यात एरियल किती पावसाळे टिकेल?

या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत नव्हती. ती भूगोल, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत होती. किनाऱ्यावरच्या लोकांनी मात्र ती बहुधा अनुभवाने, आणि पदरचे पैसे खर्चून शोधली. हा इतिहास त्यासाठीच पाहण्यासारखा आहे. तो पाहिल्यावर आज कोणता संच घ्यावा हेही ठरवणे सोपे जाते.

वरळीचा मनोरा आणि कुलाबा जिल्हा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. पुढची तेरा वर्षे ते दिल्लीपुरतेच राहिले. देशातले दुसरे केंद्र मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले.

मुंबई केंद्राचे कार्यक्रम पुण्याला पोहोचवण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावे लागले. कुलाबा जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्याला मात्र टीव्ही आपोआप मिळाला, कारण मध्ये होते ते फक्त पाणी. उरण वरळीपासून सरळ रेषेत सुमारे १९ किलोमीटरवर आहे आणि अलिबाग सुमारे ४२ किलोमीटरवर. रस्त्याने अलिबाग मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. टीव्हीच्या लहरींना मात्र पेण-वडखळचा वळसा घ्यावा लागत नाही.

१९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे कोकणातील खेड्यांचा टीव्हीशी पहिला संबंध आला तो सरकारी सामुदायिक संचामुळे नव्हे, तर गावात एखाद्याने घेतलेल्या खासगी संचामुळे. त्या एका संचासमोर सारी आळी बसत असे. ‘आमची माती आमची माणसं’ आणि ‘ज्ञानदीप’ हे मुंबई केंद्राचे कार्यक्रम या मंडळींच्या ओळखीचे झाले. ‘ज्ञानदीप’च्या प्रेक्षकांनी तर ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली.

हे संच प्रामुख्याने भारतीय बनावटीचे होते. पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेने देशी टीव्ही-संचाचा आराखडा तयार केला होता. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचा संच घरोघर माहीत होता. संच घेतला की टपाल कार्यालयात जाऊन परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. म्हणजे खरेदीचा हिशेब करताना संच, एरियल, स्टॅबिलायझर आणि परवाना अशी चार कलमे धरावी लागत.

क्षितिजाचे गणित

टीव्हीच्या लहरी साधारणपणे प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे मनोऱ्यावरून निघालेली लहर काही अंतरानंतर जमिनीला स्पर्श करून वर निघून जाते. मनोऱ्याची उंची ‘उ’ मीटर असेल, तर वातावरणात लहरी किंचित वाकतात हे धरून रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये असे काढता येते: ‘उ’चे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला ४.१२ने गुणायचे.

वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. ३००चे वर्गमूळ १७.३ आणि गुणाकार सुमारे ७१ किलोमीटर. घरावर १० मीटर उंचीवर एरियल लावले, तर त्याचे स्वतःचे क्षितिज १३ किलोमीटर. दोन्ही मिळून सुमारे ८४ किलोमीटर.

आता हा आकडा किनाऱ्यावर ठेवून पाहू या. उरण १९, अलिबाग ४२, रेवदंडा ५२ किलोमीटर. ही गावे निःशंकपणे मर्यादेच्या आत आहेत. मुरूड सुमारे ७७ किलोमीटरवर, म्हणजे जेमतेम आत. तेथे मधल्या टेकड्या आडव्या आल्या की चित्रात ‘मुंग्या’ दिसणार. श्रीवर्धन सुमारे ११० किलोमीटरवर, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. श्रीवर्धनला वरळीचा मनोरा ‘दिसायला’ हवा असेल, तर एरियल किती उंच हवे? ११०मधून ७१ वजा केले, तर उरले ३९. त्याला ४.१२ने भागून वर्ग केला की उत्तर येते सुमारे ९० मीटर. एवढा उंच खांब कोण उभारणार? टेकडीवर घर असले तरच काही आशा.

हे गणित दहावीच्या वर्गात सहज करून घेता येते. त्यात गणितापलीकडची एक गोष्टही दडलेली आहे. अलिबागच्या माणसाला साध्या एरियलवर जे चित्र मिळत होते, तेच मिळवण्यासाठी मुरूडच्या माणसाला उंच लोखंडी पाइप, ताणाच्या तारा, जास्त दांड्यांचे एरियल आणि बूस्टर घ्यावा लागे. बूस्टर चित्राबरोबर गोंगाटही वाढवतो, त्यामुळे एवढे करूनही समाधान अर्धेच. दूरच्या आणि बहुतेक वेळा कमी उत्पन्नाच्या गावाला तीच गोष्ट महाग पडत होती.

उन्हाळ्यातले पाहुणे

किनाऱ्यावर आणखी एक गंमत होती. एरवी मुंग्या दाखवणारा संच मार्च-एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी स्वच्छ चित्र दाखवू लागे. मध्येच पाकिस्तान टीव्हीचे चित्र दिसल्याच्या आठवणी मुंबईतील आणि कोकणातील जुने प्रेक्षक सांगतात.

याचे कारण वातावरणात आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत समुद्रालगतची हवा दमट आणि तुलनेने थंड असते. तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी, उबदार हवा पसरते. या दोन थरांचा अपवर्तनांक वेगळा असतो. लहरी या थरांमध्ये वाकत वाकत, जणू नळीतून जाव्यात तशा क्षितिजापलीकडे जातात. पावसाळी वारे सुरू झाले की थर एकमेकांत मिसळतात आणि ही नळी मोडते. टीव्हीच्या खालच्या पट्ट्यातील लहरी उन्हाळ्यात कधीकधी आयनांबराच्या एका थरावरूनही परावर्तित होऊन दूरवर उतरतात.

पश्चिम किनाऱ्याचा हा गुण दुसऱ्या महायुद्धातच लक्षात आला होता. मुंबई येथील एका रडारवर पावसाळ्यापूर्वी सुमारे दीड हजार मैलांवरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते. लहरींच्या प्रसारणावरील ग्रंथांत हे उदाहरण आजही दिले जाते. गावातला मेकॅनिक ‘आज हवा चांगली आहे’ असे म्हणे, तेव्हा तो शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर बोलत असे.

खारा वारा

त्या काळच्या टीव्हीच्या खालच्या पट्ट्याची कंप्रता ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ होती. म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेचार ते साडेसहा मीटर. एरियलची मुख्य दांडी तरंगलांबीच्या निम्मी असावी लागते, म्हणून ते दोन-अडीच मीटर लांबीच्या नळ्यांचे मोठे धूड असे. १९२०च्या दशकात यागी आणि उडा या जपानी संशोधकांनी शोधलेली ही रचना कोकणातल्या कौलांवर पन्नास वर्षांनी येऊन बसली. साऱ्या एरियलांची तोंडे उत्तरेकडे, वरळीच्या दिशेने असत. अनोळखी गावात दिशा कळायला होकायंत्राची गरज नव्हती.

एरियलच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि तार तांब्याची. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खाऱ्या पाण्याचा थर, म्हणजे विद्युतघटच तयार झाला. या घटात अ‍ॅल्युमिनियम झिजते. सांध्यावर पांढरी भुकटी जमते आणि चित्र हळूहळू फिके पडते. अनेक घरांत अशा वेळी संचच बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेला जाई. खरे तर वर चढून सांधा घासून पुसला, पुन्हा घट्ट आवळला आणि त्यावर ग्रीस लावले, तर काम भागत असे. दोन समांतर तारांची चपटी पट्टी पावसात भिजली की तिच्यातूनही संदेश गळे. गोल, जाळीचे आवरण असलेली केबल थोडी महाग होती, पण किनाऱ्यावर तीच स्वस्त पडे.

संचाच्या आतही खारी हवा शिरे. कृष्णधवल संचातील पिक्चर ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास, तर रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागे. धूळ, मीठ आणि पावसाळी ओल यांचा थर जमला की तेथून वीज निसटू लागे. ‘सूं’ असा आवाज आणि ओझोनचा विशिष्ट वास येई. म्हणून जुलै-ऑगस्टमध्येही संच रोज थोडा वेळ चालू ठेवावा, असा सल्ला जाणकार देत. संचाच्या उष्णतेने आतली ओल वाळते, एवढेच त्यामागचे शास्त्र. असे जुने संच अजून कोठे असतील, तर ते मुलांसमोर उघडून दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

तारेच्या शेवटच्या टोकाची वीज

विजेची तार जितकी लांब, तितका तिच्यात दाब अधिक पडतो. खाडीपलीकडच्या गावात, लांबलचक तारेच्या शेवटच्या टोकाला, २३० व्होल्टऐवजी १६०-१७० व्होल्ट मिळणे नवलाचे नव्हते. रात्री दहानंतर दिवे मालवले की दाब एकदम चढे. पहिल्या संचांना हे सोसत नसे. चित्र चारही बाजूंनी आक्रसे, म्हणून स्टॅबिलायझर आवश्यक झाला.

पुढे नव्या पद्धतीचा वीजपुरवठा-विभाग असलेले संच आले. ते सुमारे शंभर व्होल्टपासून दोनशे साठ-सत्तर व्होल्टपर्यंत निमूटपणे चालत. असा संच थोडा महाग असला, तरी स्टॅबिलायझरचा खर्च वाचे. जेथे वीजच नव्हती, तेथे बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लहान कृष्णधवल संच उपयोगी पडला. सर्वांत मोठा संच सर्वांत चांगला नसतो, हा धडा विजेने शिकवला.

रंगीत टीव्ही आणि अलिबागची वेधशाळा

१९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १५ ऑगस्टचा सोहळा आणि नोव्हेंबरातील आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. रंगीत संचाची किंमत मात्र कृष्णधवल संचाच्या साधारण तिप्पट होती. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीला होती. त्यांनी तेथून रंगीत संच आणि व्हीसीआर आणले. भारताने पाल ही रंगपद्धती स्वीकारली होती आणि आखातातील बऱ्याच देशांत तीच होती, म्हणून हे संच येथे चालले. अमेरिकेहून आणलेला संच मात्र चालत नसे. तेथली रंगपद्धती वेगळी, ओळींची संख्या वेगळी आणि विजेचा दाबही वेगळा. नातेवाइकाने प्रेमाने आणलेली भेट अशा वेळी कोपऱ्यात पडून राही.

रंगीत संचाने किनाऱ्यावरच्या एका जुन्या संस्थेच्या विषयाशीही नाते जोडले. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक मोजमापे बिघडणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा सुमारे तीस किलोमीटरवरच्या अलिबागला हलवण्यात आली. १९०४पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेऊन मेळ बसवला गेला. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. अलिबागच्या वेधशाळेची इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे.

याचा टीव्हीशी काय संबंध? रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये तीन इलेक्ट्रॉन-झोत असतात. प्रत्येकाने बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून जाऊन आपापल्या रंगाच्या ठिपक्यावरच पडायचे असते. अलिबागला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८-३९ हजार नॅनोटेस्ला आहे. हे क्षेत्र झोताला काटकोनात असेल, तर पंचवीस हजार व्होल्टने धावणारा इलेक्ट्रॉनही ३०-३५ सेंटिमीटरच्या प्रवासात तीन-चार मिलिमीटर ढळतो. रंगीत ठिपक्यांमधले अंतर तर मिलिमीटरहून कमी. म्हणून संचात दुरुस्तीची व्यवस्था करावी लागे. संच सुरू करताना ‘ढम्’ असा आवाज येई, तो चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा. टीव्हीजवळ स्पीकर ठेवला की कोपरा हिरवा-जांभळा होई. संच उत्तरेकडून पूर्वेकडे वळवला तरी रंग थोडे बदलत. अलिबागच्या शास्त्रज्ञांना जे पृथ्वीचे क्षेत्र मोजायचे होते, तेच घरातला टीव्ही नकळत मोजत होता.

कृष्णधवल संचाला यातले काहीच सोसावे लागत नव्हते. म्हणून १९९०च्या दशकातही किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी तोच घेतला. या निवडीला कोणी मागासलेपणा म्हणू नये. कमी किंमत, कमी वीज, कमी बिघाड आणि गावातच होणारी दुरुस्ती असा तो चोख हिशेब होता.

मुंबई की दिल्ली?

३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. ते उपग्रहावरून कार्यक्रम घेत आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पुन्हा प्रक्षेपित करत. वरळीच्या क्षितिजापलीकडची गावे अशा प्रक्षेपकांमुळे टीव्हीच्या नकाशावर आली.

पण सुरुवातीची काही वर्षे या प्रक्षेपकांवरून मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम येत. सीमारेषेवरच्या गावात त्यामुळे नवा पेच निर्माण झाला. जवळच्या प्रक्षेपकाकडे एरियल वळवले तर चित्र स्वच्छ, पण भाषा हिंदी. मुंबईकडे वळवले तर मराठी नाटक आणि शेतीचा कार्यक्रम मिळे, पण मुंग्यांसकट. काही घरांनी दोन एरियल लावली. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ सुरू असताना रविवारी सकाळी पहिल्या एरियलचे पारडे जड झाले, हे सांगायला नकोच.

उत्तरेकडून आग्नेयेकडे

१९९०च्या दशकात केबल आली, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची थेट घरी उपग्रहावरून येणारी मोफत सेवा सुरू झाली. तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. हिचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. अलिबागहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. पूर्वी उत्तरेकडे पाहणारी घरे आता आग्नेयेकडे पाहू लागली. इतक्या वर पाहणाऱ्या तबकडीला टेकडी क्वचितच आड येते, फार तर नारळाच्या झावळ्या येतात. मुख्य म्हणजे उरण आणि श्रीवर्धन यांच्यातला भेद मिटला. ३६ हजार किलोमीटरपुढे नव्वद किलोमीटरचा काय पाड!

अडचणी संपल्या असे नाही. या लहरींची तरंगलांबी अवघी अडीच सेंटिमीटर आहे. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे ऐन पावसात चित्र गोठते. जुन्या लांब लहरींना पाऊस अडवत नसे. जुने दुखणे खाऱ्या वाऱ्याचे होते, नवे पावसाचे आहे. त्यावर उपाय म्हणजे थोडी मोठी तबकडी आणि घट्ट, गंजविरोधी बैठक. दूरदर्शनने मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण मोजकी ठिकाणे वगळता २०२२पर्यंत बंद केले. कौलांवरची ती दांड्यांची एरियले आता नावालाच उरली.

२०२०चा पावसाळा

टीव्ही ही चैन की गरज, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालत आलो. रायगडच्या किनाऱ्यावर त्याचे उत्तर २०२०च्या पावसाळ्यात मिळाले. कोविडमुळे शाळा बंद होत्या. ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पत्रे, कौले, तबकड्या उडाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मोबाइलचे मनोरेही बंद पडले. जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन एकच होता आणि तोही वडिलांबरोबर बाहेर जात होता, त्या घरातल्या मुलांची शाळा त्या दिवसांत टीव्हीवर भरली. ज्या घरातला संच वादळात भिजून गेला होता, त्या घरातल्या मुलाची तीही बुडाली.

शिक्षकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पालक ‘टीव्ही कोणता घेऊ, गुरुजी?’ किंवा ‘बाई, घेऊ का?’ असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

आजचा हिशेब

मग आज मोजक्या पैशांत काय घ्यावे? पन्नास वर्षांच्या अनुभवातून काही कसोट्या सहज निघतात.

पहिली कसोटी आकाराची. पडद्याचा इंच हा कर्णाचा असतो. जुन्या पडद्याचे प्रमाण ४:३ होते, नव्याचे १६:९ आहे. जुन्या पडद्याची उंची कर्णाच्या ०.६ पट, नव्याची ०.४९ पट. म्हणजे २१ इंची जुन्या संचाची उंची साडेबारा इंच, तर २४ इंची नव्या संचाची पावणेबारा इंच. ‘मोठा’ संच आणूनही चेहरे लहान दिसतात! जुना २१ इंची बदलताना त्याहून स्पष्टपणे मोठे चित्र हवे असेल तर ३२ इंचीच घ्यावा.

दुसरी कसोटी बारकाव्याची. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाएवढा फरक ओळखतो. ३२ इंची, ७६८ ओळींच्या पडद्यावर एक ओळ सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असते. पावणेदोन मीटर, म्हणजे सुमारे सहा फुटांपलीकडून ती वेगळी दिसत नाही. ४३ इंची ‘फोर-के’ पडद्याच्या ओळी तर एक मीटरपलीकडूनच मिसळून जातात. आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्या आणि मुख्यतः मोफत वाहिन्या पाहणाऱ्या कुटुंबाने त्या जास्तीच्या ओळींसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. या वाहिन्यांच्या चित्रात मुळातच तेवढा बारकावा नसतो.

तिसरी कसोटी विजेची. ८० वॅटचा जुना रंगीत संच रोज पाच तास चालला, तर वर्षाला १४६ युनिट वीज लागे. ४५ वॅटच्या ३२ इंची नव्या संचाला ८२ युनिट पुरतात. ऊर्जा-तारांकनाचे लेबल आणि दाबाची मर्यादा या दोन गोष्टी किमतीइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात.

चौथी कसोटी हवेची. नव्या संचात पंचवीस हजार व्होल्ट नाहीत, पण मीठ तेच आहे. समुद्राकडच्या उघड्या खिडकीसमोर संच लावू नये. भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे. मेघगर्जना सुरू झाली की वीज आणि तबकडीची केबल या दोन्ही काढून ठेवाव्यात. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेला संच मिळाला, तर एक पेटी आणि एक बिघाड कमी.

पाचवी कसोटी दुरुस्तीची. पूर्वीचा मेकॅनिक एक भाग बदलून संच पुन्हा चालू करी. आता बहुधा सारा फलक बदलावा लागतो, आणि पडदा फुटला तर नवा संच घेणेच परवडते. स्मार्ट संचातील प्रणाली काही वर्षांत जुनी होते, पडदा मात्र ठणठणीत असतो. म्हणून चांगला पडदा आणि तालुक्याच्या गावी सेवाकेंद्र या गोष्टींना ‘स्मार्ट’पणाहून अधिक गुण द्यावेत.

करांचा परिणामही ध्यानात ठेवावा. ३२ इंचांहून मोठ्या संचांवर बराच काळ २८ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून सर्वांवर १८ टक्के झाला. त्यामुळे मोठ्या संचाकडे ओढा वाढणे साहजिक आहे. पण ९० मीटरच्या खांबाने श्रीवर्धनला जे शिकवले, ते येथेही लागू आहे. संच ही एका लांब साखळीची शेवटची कडी असते. प्रक्षेपण, वीज, हवा आणि बसण्याची खोली या आधीच्या कड्या जेवढ्या असतील, तेवढाच त्या कडीचा उपयोग. वर्गातल्या मुलांना आपापल्या घरचा पडदा, बसण्याचे अंतर आणि महिन्याची युनिटे मोजून आणायला सांगावीत. पुढच्या खेपेला घरात टीव्ही घ्यायची चर्चा निघेल, तेव्हा आकडे मांडणारे एक माणूस तरी घरात असेल.